वायनरीच्या वाटेवरची सिस्टर

"बोटच हाय ना? जमीन न्हाई ना गेली?"

आमच्या कंपनीच्या दवाखान्यात कुणी हात कापून आला की सिस्टर पहिलं हे विचारायची. विचारता विचारता एका हातानं त्याचं मनगट घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं कापूस ओढायची. कळवळणारा माणूस या प्रश्नानं गोंधळायचा, आणि तेवढ्यात हिचं औषध लावून झालेलं असायचं. नव्या पोरांना वाटायचं, बाई चक्रम आहे. जुनी माणसं हसायची. मीही हसायचो.

चाकणच्या पट्ट्यात तुम्ही नोकरी केली असेल तर असं एखादं माणूस तुमच्याही कंपनीत असेल. त्याचं नाव मस्टरवर असतं, पण कुणाला ठाऊक नसतं. हिला सगळे सिस्टर म्हणायचे. साहेब लोकही सिस्टर, कँटीनवालेही सिस्टर. पन्नाशीला टेकलेली, काटक, उन्हानं रापलेली बाई. दवाखाना म्हणजे गेटजवळची एक खोली, एक पलंग, एक कपाट आणि कायम डेटॉलचा वास.

एकदा प्रेस शॉपमधला एक जण बोटांना चिंधी गुंडाळून आला. मी तिथंच डोकेदुखीची गोळी घ्यायला उभा होतो. सिस्टरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "बोटच हाय ना? जमीन न्हाई ना गेली?"

तो म्हणाला, "ती आधीच गेली की, सिस्टर. पार्किंग हाय ना आपलं, तिथं आमचा कांदा व्हायचा."

सिस्टरनं पट्टी बांधली. बांधून झाली तरी तिनं त्याचा हात सोडला नाही. तो म्हणाला, "जाऊ का? लाइन थांबलीय."

"थांब जरा. लाइन काय पळून चालली न्हाई."

त्यानंतर आसपासच्या गावातल्या पोरांना तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. नांदेडच्या, बीडच्या, बिहारच्या पोरांना मात्र विचारायची. मला वाटायचं ही तिची थट्टेची पद्धत आहे. त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते कळायला मला तिच्याबरोबर सायकल चालवावी लागली.

सायकलचं खूळ माझ्याआधी तिचं. आम्ही दोघंही चिंचवडचे, कंपनीच्या बसनं जायचो. मोशी ओलांडली की बस मुंगीच्या पावलानं, आणि चाकणच्या चौकात तर ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला घ्यायचा. एके दिवशी सिस्टर बसमध्ये नव्हती. आम्ही चौकात अडकलेलो असताना खिडकीखालून हेल्मेट घातलेलं कुणीतरी कंटेनरच्या फटीतून सळकन पुढं गेलं. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, सिस्टर!" आम्ही कंपनीत पोचलो तेव्हा ती दवाखान्यात पंख्याखाली बसून शेंगदाणे खात होती. "या, डिस्पॅच. आज लवकर आलात," मला म्हणाली.

मी डिस्पॅच विभागात होतो, म्हणून माझं नाव डिस्पॅच. इथं ओळख ना पाळख, माणूस माणसाला भाऊ म्हणतो, भावा म्हणतो. रिक्षावाला भाऊ, वॉचमन भाऊ. सिस्टरच्या तोंडून मात्र हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती माणसाला त्याच्या कामानं हाक मारायची. डिस्पॅच, क्रेनवाले, गेटवाले, चहावाले.

तिची ती सायकल जुनीच होती. त्यांच्या सोसायटीतला एक मुलगा परदेशी निघाला, त्यानं जाताना विकली. पातळ चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, रस्त्यावर पळणारी. सुरुवातीला ती पंजाबी ड्रेसवर चालवायची. ओढणी दोनदा चेनमध्ये गेली, तशी ओढणी गेली. मग सलवार गेली आणि घट्ट काळी विजार आली. त्यावर गुडघ्यापर्यंतचा कुडता मात्र तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. तिचे मिस्टर कोकणातले, बोलायला कमी. रविवारी पहाटे ते चाकांत हवा भरून सायकल जिन्याखाली लावून ठेवायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. हात हलवायचे नाहीत. ती कोपऱ्यावर वळली की आत जायचे.

तिच्या नादानं मी सायकल घेतली, कामावरही सायकलनंच जायला लागलो. हळूहळू रविवारचा आमचा पाच-सहा जणांचा घोळका झाला. त्यात एक आयटीतला मॅनेजर होता. त्याची सायकल माझ्या मोटरसायकलपेक्षा महाग. बाकी माझ्यासारखे पोट सुटलेले. कुठं जायचं हे सिस्टर ठरवायची, आणि तिचं ठरवणं एकच असायचं. लोक लोणावळ्याला जात, सिंहगडला जात. सिस्टर म्हणायची, "नारायणगाव साइड."

रस्ता काही वाईट नव्हता. चाकण एकदा मागं पडलं, टायरच्या दुकानांमध्ये दबून गेलेला तो भुईकोटाचा बुरूज ओलांडला, की खेडपर्यंत श्वास मोकळा व्हायचा. खेडचा घाट चढताना मॅनेजर सोडून सगळ्यांची जीभ बाहेर. मंचरच्या पुढं हवाच बदलायची. दोन्ही बाजूंना ऊस, मग टोमॅटोचे मांडव, आणि नारायणगाव जवळ आलं की द्राक्षांच्या बागा. थंडीत घड भरलेले असत, त्यांवर दवाचा पांढुरका थर. आडवाटेला लागलं की जुनी गावं. वेशीच्या कमानी, देवळाबाहेर उभे केलेले वीरगळ, पायऱ्यांच्या बारवा. आम्ही फोटो काढायचो. सिस्टर सायकलवरून उतरायचीसुद्धा नाही. एक पाय जमिनीला टेकवून उभी राहायची आणि म्हणायची, "दगड बघून झाला असंल तर निघू."

एवढी घाई असणारी बाई एका गावात मात्र थांबायची. गावाचं नाव सांगत नाही. मीना नदीच्या काठचं, द्राक्षांचं गाव आहे. वेशीपाशी आलो की म्हणायची, "तुम्ही देवळात जाऊन बसा. मी आले." आणि कालव्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्यानं एकटीच निघून जायची. आम्ही देवळात बसून केळी खायचो. परत यायची तेव्हा तिच्या पाठीवरच्या पिशवीत काहीतरी भरलेलं असायचं. बाई माणूस, म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही.

एका रविवारी वेशीच्या अलीकडंच माझं चाक पंक्चर झालं. बाकीचे पुढं गेले. मी कालव्याकाठी झाडाखाली चाक खोलून बसलो, तर पलीकडं सिस्टर उभी दिसली. हेल्मेट डोक्यावर, गॉगल डोळ्यांवर. तिच्यासमोर नऊवारीतली एक म्हातारी, काखेत गवताचा लहानसा भारा, हातात विळा. म्हातारी बोलत होती आणि सिस्टर मान हलवत होती. मग म्हातारीनं गवताच्या भाऱ्यात हात घालून एक गाठोडं काढलं, सिस्टरच्या पिशवीत कोंबलं आणि तिच्या गालावर हात फिरवायला गेली. हेल्मेटचा पट्टा मध्ये आला. म्हातारीनं पट्ट्यावरूनच हात फिरवला.

सिस्टरनं मला पाहिलं. गॉगलमुळं डोळे दिसले नाहीत. माझ्याजवळ आली, खाली बसली आणि माझ्या हातातून चाक घेऊन ट्यूब काढायला लागली.

"आई हाय माझी," ती म्हणाली.

"मग घरी जाऊ की. चहा तरी..."

"घरी भाऊ हाय."

ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत शोधत तिनं सांगितलं. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. आई, भाऊ, ती. भावानं आईचा अंगठा तेराव्याच्या आतच घेतला. मग हिच्याकडं हक्कसोडाचा कागद आला. ही म्हणाली, सही करणार न्हाई. तू पिकव, तू खा, एक दाणा मागणार न्हाई, पण माझं नाव उताऱ्यावर राहू दे. भाऊ म्हणाला, नाव लावणारी बहीण आमच्यात नसते. त्या दिवाळीपासून भाऊबीज बंद, दार बंद, आईच्या हातातला फोनही बंद.

"एसटीनं आले तर फाट्यावर चार माणसं बघतात. मी गावात पोचायच्या आधी त्याला कळतं. मग आईला बोलणं बसतं." तिनं ठिगळ लावून अंगठ्यानं दाबलं. "पर असं टोपडं नि गॉगल घालून आले की लोक म्हणतात, चालली पुण्याची येडी. कुणी बघत न्हाई तोंडाकडं."

म्हणजे ही बाई पहाटेची उठून, घाट चढून, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर सायकल मारायची ती गवत कापायच्या निमित्तानं बांधावर आलेल्या आईला दहा मिनिटं भेटायला. आम्ही घोळक्यानं तिच्याबरोबर जात होतो म्हणून ती घोळक्यातली एक दिसायची. तिची आई घरात विचारायची म्हणे, "आज सायकलवाले आले का गं रस्त्यानं?" सुनेला वाटायचं म्हातारीला गंमत वाटते.

त्या दिवशी गाठोड्यात तिळाची भाकरी होती आणि द्राक्षांचा एक घड. "खायची द्राक्षं आता इहिरीकडच्या दोन ओळीतच राहिलीत," सिस्टर म्हणाली. "बाकी सगळी दारूची लावली त्यानं. आंबट, बियांची. आई म्हणती, पाखरंबी तोंड फिरवत्यात." तिनं घडाच्या टोकाचा एक मणी तोडून तोंडात टाकला आणि बाकीचा घड माझ्यापुढं धरला.

पुढच्या वर्षी भावानं वायनरी काढली. एका कंपनीशी करार होता, आता स्वतःचंच दुकान. बागेच्या कडेला लाकडी शेड, काचेचे पेले, शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या. आमच्या मॅनेजरनं मोबाइलवर पाहिलं आणि आम्हाला न विचारता सगळ्यांची नावं देऊन टाकली. बागेत फेरी, वाइनची चव आणि गावरान जेवण. सायकलवाल्यांना सवलत. त्यानं पत्ता वाचून दाखवला तेव्हा मी सिस्टरकडं पाहिलं. ती चेनला तेल घालत होती.

मी बाजूला घेऊन म्हटलं, "नको जायला. मी त्याला काहीतरी सांगतो."

"का म्हणून? तिकीट काढून चाललोय की," ती म्हणाली. "तिकीट काढलं की कुणालाबी आत घेत्यात."

बाग सुंदर ठेवली होती, खोटं कशाला बोलू. वेलांच्या ओळींमधून गाईड मुलगी आम्हाला फिरवत होती. तिच्या टी-शर्टवर द्राक्षाचा घड छापलेला. मालकांच्या वडिलांनी पहिली बाग कशी लावली, पाण्यासाठी विहीर कशी खणली, सगळं पाठ केल्यासारखं सांगत होती. म्हणाली, "आणि मग त्यांचे एकुलते एक चिरंजीव, आपले सर, यांनी हा वारसा पुढं नेला."

सिस्टरनं विचारलं, "त्यांना बहीण न्हवती का?"

"नाही मॅडम. सर एकटेच."

शेडमध्ये आम्हाला बसवलं. पेल्यांत थोडी थोडी वाइन ओतली. आधी वास घ्या, मग तोंडात घोळवा, असं सांगितलं. मॅनेजर डोळे मिटून घोळवत होता. सिस्टरनं पेला उचलला आणि काढा प्यावा तसा एका घोटात संपवला. "आमच्या बापानं आयुष्यात थेंब घेतला न्हाई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्याच्या इहिरीचं पाणी हाय, म्हणून पिले."

मग जेवण. शेडच्या कोपऱ्यात चूल मांडली होती, शेणानं सारवलेली, कडेनं रांगोळी. चुलीपुढं सिस्टरची आई बसली होती. भरजरी नऊवारी नेसवलेली, कपाळावर आडवं कुंकू, नाकात नथ. ती भाकरी थापत होती आणि पुण्याच्या दोन बायका तिच्या शेजारी बसून फोटो काढून घेत होत्या. "आजी, इकडं बघा ना. स्माइल!" विधवा म्हातारीला कुंकू लावून बसवली होती, फोटोत चांगलं दिसावं म्हणून.

सिस्टरच्या हातात ताट होतं. रांगेत ती माझ्यापुढं. मला वाटलं आता काहीतरी होणार. ती चुलीपाशी पोचली. हेल्मेट तिनं काढलेलं होतं, पण गॉगल तसाच. म्हातारीनं वर पाहिलं, आणि तिच्या हातातली भाकरी क्षणभर हवेतच राहिली. मागं दारात भाऊ उभा होता. गोरा, गुटगुटीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

म्हातारीनं भाकरी ताटात ठेवली. वर लोण्याचा गोळा ठेवला. मग अजून एक भाकरी ठेवली. "खा बाई," ती म्हणाली. "लांबून आली असशील."

"व्हय आजी," सिस्टर म्हणाली. "लई लांबून."

आपल्या आईला आजी म्हणाली ती.

आम्ही निघताना भाऊ गेटपर्यंत आला. सगळ्यांशी हात मिळवला. सिस्टरसमोर आला तेव्हा तिनं गॉगल काढून रुमालानं पुसायला घेतला. मुद्दाम काढला की घाम आला होता, ते मी आजही सांगू शकत नाही. भावानं तिच्याकडं पाहिलं. चांगलं पाहिलं. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

"कसं वाटलं जेवण, मॅडम?" त्यानं विचारलं.

"चांगलं होतं. आईच्या हातचं."

"पुन्हा या," तो म्हणाला आणि मॅनेजरकडं वळला.

त्या दिवशी परत येताना आम्ही सायकली टेम्पोत टाकल्या होत्या. सिस्टर मागं सायकलींबरोबर बसली. पुढं बस म्हटलं तर ऐकलं नाही. मंचर गेलं, घाट उतरला, चाकणच्या गर्दीत टेम्पो थांबला, तेव्हा मी मागं जाऊन पाहिलं. ती दुसरी भाकरी कागदात बांधून मांडीवर घेऊन बसली होती. "मिस्टरांना," म्हणाली.

त्यानंतर म्हातारी बांधावर आली नाही. आम्ही तीन-चार रविवार गेलो. सिस्टर कालव्याकाठी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. पिशवी रिकामी. एकदा तिथं भावाचा गडी बसलेला होता, नुसता विडी ओढत. सिस्टरला पाहून तो उठलाही नाही, बोललाही नाही. बसायला ठेवला होता तेवढा बसला.

मग एक दिवस सकाळच्या शिफ्टला मी चलनं तपासत होतो आणि सिस्टर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या गावचा एक पोरगा आमच्या पेंट शॉपला होता. त्याला घरून फोन आला होता. पहाटेच म्हातारी गेली.

"मला कुणी कळवलं न्हाई," सिस्टर म्हणाली. "त्या पोराला कळलं म्हणून मला कळलं."

साहेबांनी लगेच कंपनीची गाडी दिली. पण गेटबाहेर रस्ता दिसेना. चौकात ट्रेलर आडवा झाला होता, दोन्हीकडं मैलभर गाड्या उभ्या. ड्रायव्हरनं पुढं जाऊन पाहिलं आणि मान हलवली. सिस्टर गाडीतून उतरली आणि सरळ सायकल स्टँडकडं गेली. पांढऱ्या कोटाची बटणं काढली, कोट वॉचमनच्या खुर्चीवर टाकला, खाली तिची रोजची काळी विजार आणि कुडता. मी माझी सायकल काढली. तिनं नको म्हटलं नाही.

त्या दिवशीसारखी सायकल मी पुन्हा कधी चालवली नाही. ती पुढं आणि मी मागं. वारा समोरून होता. घाटात ती सीटवरून उठून उभी राहिली आणि तशीच उभ्यानं शेवटपर्यंत चढली. एकदाही मागं पाहिलं नाही, पाणी प्यायली नाही. मध्ये भावाला फोन लावला होता. कुणीतरी उचलला. ती ओरडून म्हणाली, "मी येतेय, थांबा. मी येतेय." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन पिशवीत टाकला आणि आणखी जोरात पाय मारायला लागली.

वेशीपाशी पोचलो तेव्हा गाव शांत होतं. पारावरच्या म्हाताऱ्यानं हात वर करून नदीकडं दाखवलं. आमच्याकडं बायका घाटावर जात नाहीत. सिस्टर सायकलसकट उतारावरून खाली गेली. चिता पेटून बराच वेळ झाला होता. माणसं पांगून झाडाखाली बसली होती. बघायला काही राहिलं नव्हतं.

तिनं सायकल सोडली, ती आडवी पडली. घामानं निथळलेली, काळ्या विजारीतली, हेल्मेट घातलेली बाई घाटावर उभी. माणसांत कुजबुज झाली. भाऊ उठून आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"असल्या कापडात आलीस?" तो म्हणाला.

"थांबला का न्हाईस? मी सांगितलं होतं ना, येतेय."

"कुणासाठी थांबायचं? तुला जमीन पायजे होती. आई कुठं पायजे होती?"

सिस्टरनं हेल्मेट काढलं. मला वाटलं ती बोलेल. कालव्याचा बांध, गवताचा भारा, वर्षानुवर्षांचे ते रविवार, सगळं त्याच्या तोंडावर मारेल. ती चितेकडं गेली, जितकं जवळ जाता येतं तितकी जवळ. उभी राहिली. कुणी तिला थांबवलं नाही आणि कुणी तिच्याजवळही गेलं नाही. मी लांबच उभा राहिलो. परक्या माणसानं काय करायचं असतं?

दहावा झाल्यावर ती कामावर आली. आठवडाभरानं मला म्हणाली, "डिस्पॅच, एक दिवस रजा टाका. साक्षीदार पायजे."

"कशाला?"

"हक्कसोड करून देते."

मला राग आला. तो मी लपवला नाही. इतकी वर्षं सोसलं, आणि आता त्यानं घाटावर असा अपमान केल्यावर सही? कोर्टात जा म्हटलं, माझ्या ओळखीचा वकील आहे म्हटलं.

ती कपाटातल्या बाटल्या पुसत होती. "मला जमीन कशाला हवी होती हो?" ती म्हणाली. "माझं नाव होतं म्हणून त्याला विकता आली न्हाई. गिऱ्हाईक बापाच्या वर्षश्राद्धापासून दारात बसलंय. जमीन गेली असती तर घर गेलं असतं. आणि हा आईला घेऊन कुठं गेला असता? टाकली असती कुठल्यातरी आश्रमात. माझं नाव होतं तवर आई तिच्या घरात राहिली, तिच्या चुलीपाशी." बाटली जागेवर ठेवली. "आता राखायला काय हाय तिथं?"

तेव्हा मला कळलं की दवाखान्यातला तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भाऊ आधीच येऊन बसला होता. वकील होता, पेढ्यांचा बॉक्स होता. कॅमेऱ्यासमोर सिस्टरला बसवलं. कारकून म्हणाला, "मॅडम, सरळ बघा. हसू नका." ती हसत नव्हतीच. अंगठे झाले, सह्या झाल्या. मीही साक्षीदार म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर भावानं गाडीतून एक पिशवी आणली. हक्क सोडला की बहिणीला साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. सगळ्यांसमोर त्यानं ती पिशवी तिच्या हातात ठेवली. आता त्याला बहीण होती.

"वाइन कलर घेतला मुद्दाम," तो हसून म्हणाला. "आपल्या धंद्याचा रंग. काठ बघ की, जरीचा हाय."

"चांगला हाय," सिस्टर म्हणाली. पिशवी तिनं घेतली. पेढा घेतला नाही.

पुढच्याच थंडीत त्या गावावरून गेलो तेव्हा बाग उपटलेली होती. वेलांचे बुंधे मुळांसकट एका बाजूला रचलेले, तारा गुंडाळलेल्या. विहीर बुजवायचं काम चाललं होतं. रिसॉर्टचा मोठा फलक लागला होता, त्यावर निळा तरणतलाव. आमचा मॅनेजर हळहळला. छान स्पॉट होता म्हणाला. सिस्टर नव्हती आमच्यात. ती रविवारी येईनाशी झाली होती. कामावर बसनं यायची, खिडकीशी बसून डोळे मिटून घ्यायची. चौकात बस थांबली तरी उघडायची नाही.

मिस्टर निवृत्त झाले तसा तिनं राजीनामा दिला आणि दोघं कोकणात त्यांच्या गावी निघून गेली. निरोपाला कँटीनमध्ये सामोसे झाले. मी मधून मधून फोन करायचो. सुरुवातीला उचलायची. पावसाचं बोलायची, भाताचं बोलायची. मग नंबर बंद लागायला लागला.

दवाखान्यात आता नवी सिस्टर आहे, लातूरकडची. हसरी मुलगी. परवा आमच्या लोडिंगचा एक माणूस पॅलेटवरून पडला, खांदा निखळला. त्याला घेऊन मी दवाखान्यात गेलो. तिनं हात गळ्यात अडकवायला कपाटातून पट्टी काढली आणि थबकली. खालच्या कप्प्यात तसल्या पट्ट्यांची चळत होती, तिकोनी कापलेल्या, कडा हातानं नीट शिवलेल्या.

"सर, या कुणी केल्या? ही तर भारी साडी दिसतेय."

मी म्हटलं, "आधीच्या सिस्टरनी."

"अशी साडी कुणी कापतं का?"

तिनं पट्टी त्या माणसाच्या गळ्यात बांधली, हात अलगद आत ठेवला. तो गाडीत बसायला गेटकडं निघाला. अंगावर ग्रीस लागलेला निळा युनिफॉर्म, आणि छातीवर वाइन कलर, जरीच्या काठाचा.